हापशापासून खांबापर्यंत

फोटो काढायला माणसं येतात तेव्हा हसत येतात. काढलेला फोटो घेऊन परत येतात तेव्हा त्यांच्या तोंडावर संशय असतो. मी एवढा काळा हाय का? बायकोचं नाक असं फेंदारलेलं कसं आलं? जवळा बाजारात माझ्या स्टुडिओला तीस वर्षं होऊन गेली. रोल धुण्याच्या काळापासून हा संशय मी बघत आलो. रोल जाऊन कार्ड आलं तेव्हापासून तो दुपटीने वाढला. पूर्वी लोक म्हणायचे, फोटो बिघडला. आता म्हणतात, फोटोत कायतरी केलंय.

एकदा चार माणसं मोटारसायकलींवरून थेट माझ्या दारात उतरली. त्यांच्या पोराला सांगून आलेल्या मुलीचा फोटो त्यांच्या मोबाईलवर होता. फोटोत मुलीच्या डाव्या गालावर तीळ. मुलगी बघायला गेले तर तीळ उजव्या गालावर. चहा तसाच ठेवून ते उठून आले होते.

"दाखवली एक अन् बसवली दुसरी," त्यांच्यातले मोठे काका म्हणाले. "तुमी फोटोवाले. तुमीच सांगा."

मी फोटो पाहिला. मुलीने स्वतःच, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला होता. पुढचा कॅमेरा आरशासारखा दाखवतो, आणि काही फोन तो फोटो तसाच उलटा ठेवून देतात. हे सांगून भागलं नसतं. मी काकांच्याच हातात त्यांचा फोन दिला आणि त्यांना स्वतःचा फोटो काढायला लावला. त्यांच्या सदऱ्याचा खिसा डावीकडे होता. फोटोत तो उजवीकडे गेला. काकांनी एकदा खिसा चाचपला, एकदा फोन बघितला.

"म्हंजे पोरगी तीच हाय?"

"तीच आहे."

काका बारीक डोळे करून म्हणाले, "तुमी त्यांच्याकडचे तर न्हाईत ना?"

हा किस्सा मी लग्नकार्यात हसत सांगतो. पुढचा सांगताना हसू येत नाही, कारण त्यात चूक माझी होती.

बाजारातल्या एका बियाण्यांच्या दुकानदाराला दुकानावर लावायला मोठा फ्लेक्स हवा होता. वर दुकानाचं नाव आणि खाली आपला भरलेला बाजार. "गर्दी दिसली पाहिजे," एवढंच त्याचं म्हणणं. आता आमच्या बाजारात गर्दी असते, पण फोटोत ती विरळ दिसते. पालं, रस्ता, मोकळी जागा, मध्ये एखादी शेळी. गर्दी दाट दाखवायची तर त्याला एक युक्ती आहे. लांबून उभं राहायचं आणि लांब लेन्स लावायची. सरळ सडकेवरचे विजेचे खांब दूरवर बघा, एकाला एक टेकल्यासारखे दिसतात. असतात मात्र तेवढेच लांब लांब. लांब लेन्स नेमका तो दूरचा तुकडा उचलून समोर आणते. मागची माणसं पुढच्यांना येऊन चिकटतात आणि अर्धा बाजार भरगच्च दिसतो. यात खोटं काही नाही, सगळेच फोटोवाले करतात.

बाजारच्या दिवशी भर दुपारी मी रस्त्याच्या टोकाला, एका दुकानाच्या ओट्यावर उभा राहिलो आणि पन्नासेक फोटो काढले. त्यातला एक दुकानदाराने पसंत केला. फ्लेक्स करणाऱ्याने तो आपल्या मापात बसवला. आठ दिवसांत फ्लेक्स चौकात, दुकानावर लागला. मी येता-जाता बघायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो.

त्यानंतर एका सकाळी गंगाधर आला. बाजारापासून दोन कोसांवरच्या गावात त्याची शेती. त्याच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. वय बत्तीस-तेहतीस, बोलायला कमी. खुर्चीत न बसता उभ्याउभ्याच त्याने विचारलं,

"काका, चौकातला फोटो तुमचा ना?"

"माझाच."

"त्याच्यात काही जोडलंय का तुमी?"

"जोडलंय म्हणजे?"

"एकीकडचं माणूस उचलून दुसरीकडं ठेवायचं. कॉम्प्युटरवर करतात तसं."

माझ्या कपाळात तिडीक गेली. तीस वर्षांत मेलेल्या माणसाचे डोळे उघडून दे म्हणून लोक आले, सोडून गेलेला जावई फोटोतून पुसून दे म्हणून आले. त्यातलं काही मी केलं, नाही असं नाही. पण बाजाराचा फोटो मी शुद्ध ठेवला होता आणि मला त्याचा अभिमान होता. डिजिटल फोटो म्हणजे लाखो बारीक ठिपके असतात, पिक्सेल म्हणतात त्यांना.

"गंगाधरराव," मी म्हणालो, "एक ठिपका इकडचा तिकडं केलेला नाही. फोटो शंभर टक्के खरा आहे."

"नक्की?"

"लिहून देऊ का?"

"न्हाई. बराबर हाय." तो एवढंच म्हणाला आणि गेला. काहून विचारलं, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

चार दिवसांनी साखऱ्याहून माधव नावाचा माणूस आला. गंगाधरच्या बायकोचा, सविताचा, भाऊ. सविता मला आठवत होती. लग्नात फोटोसाठी मान खाली घाल म्हटलं तर "काहून?" विचारणारी नवरी एकच असते.

"बहीण चार दिवसांपासून घरी येऊन बसली, काका," माधव म्हणाला. "नवऱ्यानं आणून घातली."

मग त्याने सगळं सांगितलं. फ्लेक्सच्या उजव्या कडेला सविता होती, हसत. आणि तिच्या खांद्याला खांदा लावून शिरड शहापूरचा बालाजी. त्याचा हात तिच्या पाठीमागून गेलेला. हाच बालाजी लग्नाआधी सविताला बघायला आला होता. दोन्हीकडून पसंती होती, पण ते जुळलं नाही. हे गंगाधरला माहीत होतं. सविता म्हणत होती की त्या दिवशी बाजारात तिने बालाजीला पाहिलंसुद्धा नाही. घरात कुणी ऐकायला तयार नव्हतं. सासू म्हणाली, डोळ्यानं दिसून राहिलं ते खोटं का? गंगाधर तरीही दोन दिवस थांबला होता. मग तो माझ्याकडे येऊन गेला.

"फोटोवाला सोता म्हणला शंभर टक्के खरा, असं सांगून राहिला तो," माधव म्हणाला. "तुमच्या त्या एका वाक्यानं तिला घराबाहेर काढली."

तो माझ्या टेबलावर वाकला.

"आता एकच करा, काका. म्हणा, जोडला होता म्हणून. गर्दी कमी पडली, म्हणून इकडचं माणूस तिकडं लावलं म्हणा. तुमची थोडी बदनामी होईल. तिचं घर वाचंल."

मी म्हणालो, उद्या सांगतो. तो गेल्यावर शटर अर्धं ओढून मी कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. इथे एक कबूल करतो. माझ्या मनातसुद्धा तेच आलं होतं, जे गंगाधरच्या मनात आलं. जुनी ओळख, बाजाराचा दिवस, गर्दी. काय सांगावं? मी तो हात मोठा करून बघू लागलो. बोटं तिच्या पाठीला लागलीत का? आणखी मोठा केला. आणखी. बोटांच्या जागी विटकरी रंगाचे चौकोन झाले, चौकोनांच्या पायऱ्या झाल्या. पडद्याच्या जितकं जवळ गेलो तितकं कमी दिसत गेलं. परक्याच्या सुनेची पाठ असा मोठी करकरून बघणारा मी साठीला आलेला माणूस, माझी मलाच शरम वाटली.

म्हणून फोटो लहान केला. पूर्ण केला. आणि तेव्हा लक्षात आलं की हा फ्लेक्सवरचा फोटो नाही. फ्लेक्सवाल्याने मापात बसवताना कडा कापल्या होत्या. मूळ फोटोत सविताच्या अलीकडे हापशाचा दांडा होता. बालाजीच्या पलीकडे चहाच्या हॉटेलाच्या पत्र्याचा खांब होता आणि त्याचा दुसरा हात त्या खांबावर होता. हापसा आणि खांब मी रोज बघतो. मी तसाच चपला घालून बाहेर पडलो आणि हापशापासून खांबापर्यंत चालत गेलो. वीस पावलं भरली.

सविता हापशाशी उभी होती. बालाजी तिच्या मागे वीस पावलांवर. मधलं अंतर माझ्या लेन्सने खाल्लं होतं. गर्दी दाट दिसावी म्हणून मीच ती निवडली होती. फोटो खरा होता. त्यात एक ठिपका इकडचा तिकडं नव्हता. आणि तो जे सांगत होता ते साफ खोटं होतं. हे तीस वर्षांच्या धंद्यात मला माहीत नव्हतं असं नाही. गंगाधर समोर उभा असताना मी आपल्या नावाची राखण करत होतो, म्हणून ते सुचलं नाही.

मी माधवला फोन लावला. खोटं बोलायची गरज नाही, म्हणालो, आणि वीस पावलांची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला,

"आधी खरा म्हणले. आता म्हणता, त्याच्यातच अंतर हाय. त्या बालाजीनं गाठलं का काय तुमाला?"

तेवढ्यात त्याच्या हातातून फोन सविताने घेतला असावा.

"काका, हे तुमाला दाखवता येतं का? नुसतं सांगू नका. दाखवता येतं का?"

"येतं. गंगाधररावांना दुकानात बोलावतो."

"दुकानात न्हाई. फोटो चौकात लागला ना? मग बाजारच्या दिवशी, तिथंच."

गंगाधरच्या घरी मी स्वतः गेलो. तो म्हणाला, काय ते इथंच दाखवा. मी म्हणालो, इथं तेवढी जागा नाही. त्याच्या आईला ते बोलणं विचित्र वाटलं. बाजारच्या दिवशी मायलेक आले खरे, पण या माणसाचा यात काय डाव असेल, हेच दोघांच्या नजरेत होतं.

ज्या ओट्यावरून मी तो फोटो काढला होता, तो चौकाला लागूनच आहे आणि त्याच्या मागेच टीव्हीचं दुकान आहे. दुकानदाराने एक टीव्ही बाहेर सावलीत काढून दिला. मी तीच लांब लेन्स लावून कॅमेरा ओट्यावर तिवईवर बसवला आणि वायर टीव्हीला जोडली. आधी मूळ फोटो लावला, त्याच्याबरोबर कॅमेरा लिहून ठेवतो ती माहिती लावली: किती वाजता काढला, कोणत्या लेन्सने काढला. लोक जमू लागले. सविता भावाबरोबर टीव्हीच्या बाजूला उभी होती. डोक्यावरचा पदर नीट, नजर वर.

"आता सविता, तू हापशाजवळ जाऊन उभी राहा," मी म्हणालो.

"मी न्हाई," ती म्हणाली. "मी उभी राहून झाले. आत्याबाईंना सांगा."

गंगाधरच्या आईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत ती ताडताड चालत हापशाशी जाऊन उभी राहिली. मी माधवला तिच्या मागे वीस पावलं मोजायला लावली. तिथे एक कुल्फीवाला उभा होता. त्याला म्हणालो, भाऊ, हात जरा बाजूला लांब कर, असाच. त्या बिचाऱ्याला कशाचा काही पत्ता नव्हता. त्याने हात लांब केला.

मी बटण दाबलं.

पडद्यावर गंगाधरची आई आणि कुल्फीवाला शेजारी शेजारी उभे होते. खांद्याला खांदा. त्याचा हात तिच्या पाठीमागून गेलेला.

कुणीतरी मोठ्याने हसलं. मग सगळेच हसले. गंगाधर हसला नाही. तो पडद्याकडे बघायचा, मान वळवून रस्त्याकडे बघायचा, पुन्हा पडद्याकडे. त्याची आई चालत परत आली तोवर मी फोटो तसाच ठेवला होता. म्हातारीने पडदा पाहिला आणि पदर तोंडावर घेतला. तिला असं उभं करायला नको होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. अजूनही वाटतं.

"आगं बया," ती म्हणाली. "त्यो तर पार तिकडं हाय."

ती सविताकडे गेली. सुनेचा हात धरून नुसती उभी राहिली. माणसं पांगायला लागली. मला वाटलं, संपलं. मी वायर काढायला वाकलो, तेव्हा गंगाधर बायकोजवळ गेलेला दिसला.

"अंतराचं कळलं," तो हळू आवाजात म्हणाला. "पण तू हसून काहून राहिली होती?"

सविता त्याच्याकडे बघत राहिली. "मी काहून हसले, ते सांगायची मला गरज न्हाई," ती म्हणाली आणि भावाच्या गाडीवर बसून साखऱ्याला गेली.

तिला परत आणली ती सासूने. आठ दिवसांनी म्हातारी एकटी साखऱ्याला गेली, दोन दिवस राहिली आणि सुनेला घेऊन आली. फ्लेक्स दुकानदाराने उतरवला होता. मी सुटलो असं मला वाटलं.

काही महिन्यांनी गंगाधर पुन्हा आला. यावेळी खुर्चीत बसला, आपुलकीने बोलला. मग फोन काढला.

"काका, फोटो किती वाजता काढला ते फोटोतच लिहिलेलं असतं, म्हणले होते ना तुमी? बाजारात दाखवलं होतं."

"असतं."

"मग ह्याचं बघा जरा."

बचत गटाच्या बायकांचा फोटो होता. औंढ्याला कसलं तरी शिबिर होतं. सविता मागच्या रांगेत उभी. ती म्हणाली होती, अकराला पोचलो. मी माहिती उघडली. अकरा वाजून काही मिनिटं. "बराबर आहे," मी म्हणालो. त्याच्या तोंडावर समाधान आलं नाही, पण तो उठला. मला वाटलं, खात्री झाली की माणूस शांत होईल. दोन आठवड्यांनी तो दुसरा फोटो घेऊन आला. तोही मी पाहिला, तोही बरोबर निघाला.

तिसऱ्या वेळी त्याने दाखवलेला फोटो कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला होता. मी सांगितलं की यात काही लिहिलेलं नाही.

"काहून न्हाई?"

"व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो लहान होऊन येतो. माहिती गळून पडते."

"गळून पडते का कुणी पुसते?"

"आपोआप जाते, गंगाधरराव. सगळ्यांचीच."

"सगळ्यांची जात असंल," तो म्हणाला. "पर हिची पुसलेली हाय. हिला हे सगळं कळायला लागलं आता. बाजारात तुमी दाखवलं तवा ही पाहूनच राहिली होती."

मी त्याच्याकडे बघितलं. वेळ, लेन्स, अंतर, पुसणं. ज्या शब्दांनी मी त्याचा संशय काढायला गेलो होतो, ते सगळे त्याच्या हातात हत्यार होऊन बसले होते आणि ते हातात देणारा मीच होतो. मी त्याचा फोन बंद करून टेबलावर ठेवला.

"आजपासून तुमचा एकही फोटो मी बघणार नाही."

"तिनं सांगितलं का तुमाला तसं?"

"नाही."

"मग काहून तकलीफ होऊन राहिली तुमाला?" तो उठला, दारात थांबला, माझ्या कॉम्प्युटरकडे एकदा बघितलं आणि गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सविता आली. एकटीच. साखऱ्याच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती, तिचा अर्ज हातात होता. त्याला पासपोर्ट फोटो हवा होता. मी पडदा सरळ केला, दिवे लावले. पण बोलल्याशिवाय राहवेना.

"सविता, गंगाधरराव माझ्याकडे तुझे फोटो घेऊन येत होते."

"माहीत हाय, काका. घरी येऊन सांगायचे. फोटोवाल्यानं बघितलं म्हणून." ती स्टुलावर बसली, पदर खांद्यावर घेतला. "तिसऱ्या वेळी तुमी न्हाई म्हणलात, ते बी माहीत हाय. अन् दोनदा व्हय म्हणलात, ते बी."

मी कॅमेऱ्यामागे गेलो.

फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतला. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. सवयीने माझा हात ते पुसायच्या बटणाकडे गेला. गिऱ्हाईक न सांगता आम्ही ते करतोच. ती मागे उभी राहून बघत होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "आहे तसं राहू द्या."

मी तसेच छापले, कापले आणि दिले. तिने टेबलावरच अर्ज पसरला, गोंदाने फोटो चिकटवला आणि अंगठ्याने चारी कडा दाबल्या. आडवी सही करायची असते, अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. तिने पेन घेतलं, क्षणभर थांबली आणि सही केली. नवऱ्याचं नाही, बापाचं नाही. नुसतं 'सविता'.

ती जागा तिला मिळाली. ती आता साखऱ्यालाच राहते. सासू अधूनमधून बाजारातून जाताना माझ्या दुकानात टेकते, पाणी पिते आणि साखऱ्याची गाडी पकडते. पिशवीत सुनेसाठी काहीबाही असतं. गंगाधर दोनदा तिकडे जाऊन आला, असं म्हातारीच एकदा बोलून गेली. त्याला घरात घेतलं की दारातूनच परत पाठवलं, हे तिला ठाऊक असणार. मी विचारलेलं नाही.